ऑरलँडो: चार दिवस डिस्ने, तीन दिवस युनिव्हर्सल

फ्लोरिडातल्या ऑरलँडोला निघणाऱ्या मराठी कुटुंबाची रचना बहुतेक वेळा ठरलेली असते: अमेरिकेत नोकरी करणारं जोडपं, पुण्या-मुंबईहून आलेले आजी-आजोबा आणि सहा-सात वर्षांचं नातवंड. पुढचे सात दिवस अशाच पाच जणांचे आहेत. महिना मे, पहिला पंधरवडा. भारतातल्या शाळांना सुट्टी लागलेली, अमेरिकेतल्या शाळा अजून सुरू. त्यामुळे रांगा त्यातल्या त्यात आवाक्यात. नातवंडाची उंची 118 सेंटिमीटर. हा आकडा सुरुवातीलाच सांगायचं कारण म्हणजे या सहलीतले निम्मे निर्णय त्यानेच घेतले.

आधीचा आठवडा

डिस्नेची सहल विमानात बसण्यापूर्वीच सुरू होते. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्याला ‘लाइटनिंग लेन’ म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेच्या वेळा मुक्कामाच्या 7 दिवस आधी आरक्षित करता येतात, आणि त्याही संपूर्ण मुक्कामाच्या एकदम. बाहेर राहणाऱ्याला फक्त 3 दिवस आधी. दार उघडतं ऑरलँडोच्या सकाळी 7 वाजता, म्हणजे उन्हाळी वेळेत भारतातले दुपारचे साडेचार. सर्वांची तिकिटं अॅपमध्ये जोडून, कुटुंबाचा गट करून आदल्या रात्रीच तयार ठेवावा. सात वाजता नावं भरत बसलं, की चांगल्या वेळा डोळ्यांदेखत जातात.

यात दोन प्रकार आहेत. ‘मल्टी पास’मध्ये एका पार्कातल्या तीन राईड आधी निवडायच्या, पहिली वापरली की चौथी घेता येते, मग पाचवी. अॅनिमल किंगडम सोडलं तर बाकी तिन्ही पार्कांत राईड दोन गटांत विभागलेल्या असतात आणि वरच्या गटातली आधी एकच घेता येते. दुसरा ‘सिंगल पास’, सर्वांत मागणी असलेल्या एखाददुसऱ्या राईडसाठी, वेगळे पैसे मोजून. म्हणून तीन निवडींतली पहिली शक्य तितक्या सकाळची घ्यावी. संध्याकाळी सहाची घेतली, तर चौथीचा दरवाजा तोवर बंदच राहतो.

युनिव्हर्सलमध्ये हा सगळा खटाटोप नाही, पण त्याची किंमत हॉटेलच्या बिलात भरावी लागते. त्याचा हिशेब पाचव्या दिवशी.

हॉटेल निवडताना पाच ही संख्या आडवी येते. डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांतल्या साध्या खोलीत चारच माणसं राहू शकतात. ‘आर्ट ऑफ अॅनिमेशन’मधल्या फॅमिली स्वीटमध्ये सहा जण मावतात; दोन बाथरूम, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो. दोन बाथरूम म्हणजे सकाळचा अर्धा तास वाचला, आणि इथे सकाळचा अर्धा तास दुपारच्या दोन तासांइतका महाग असतो. मायक्रोवेव्हमध्ये मुगाची खिचडी होते, मोठं काचेचं भांडं तेवढं जवळ हवं. जाहीर दरावर 12.5 टक्के कर वेगळा, हेही खर्च मांडताना धरावं. डिस्नेच्या हॉटेलात मुक्कामी पाहुण्यांना गाडी उभी करायचे पैसे नाहीत. युनिव्हर्सलच्या हॉटेलांत आहेत.

दिवस पहिला: मॅजिक किंगडम

डिस्नेची एकूण जागा सुमारे 25,000 एकर, म्हणजे जवळपास 100 चौरस किलोमीटर. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण तेवढंच. चार पार्क या जंगलात एकमेकांपासून दूर पेरलेले आहेत. ‘हॉटेल पार्कच्या आत आहे’ याचा अर्थ पार्क शेजारी आहे असा होत नाही.

मॅजिक किंगडम सर्वांत जुनं, 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडलेलं. स्वतःच्या गाडीने गेलात तर गाडी पार्कच्या दारात लागत नाही. तळ्याच्या अलीकडे वाहनतळ, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट, मग दार. यात 30 ते 40 मिनिटं सहज जातात. हॉटेलची बस मात्र थेट दाराजवळ सोडते. भाड्याची गाडी असली तरी या एका पार्कासाठी ती हॉटेलवरच राहू द्यावी.

हॉटेलातल्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. मॅजिक किंगडममध्ये त्या अर्ध्या तासात फँटसीलँड आणि टुमॉरोलँड हे दोनच भाग उघडे असतात. म्हणून पहिली राईड त्यांतलीच हवी: सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन (किमान 97 सेंमी), आणि रांग वाढण्याआधी लगेच पीटर पॅन. पीटर पॅनची रांग दिवसभर लांब राहते याचं खरं कारण लोकप्रियता नव्हे, गाडीची अपुरी क्षमता: एका छोट्या जहाजात जेमतेम दोन-तीन माणसं बसतात, त्यामुळे रांग सरकतच नाही. याउलट पायरेट्स किंवा हाँटेड मॅन्शनची रांग बाहेरून भीतीदायक दिसली तरी भराभर सरकते. फलकावरची मिनिटं पाहावीत, माणसांची गर्दी नाही.

118 सेंटिमीटरला इथे एकच दार बंद आहे: ट्रॉन, 122 सेंमी. स्पेस माउंटन (112) आणि पाण्यात कोसळणारी टियाना (102) दोन्ही चालतात. स्पेस माउंटनमध्ये माणसं एकामागे एक, एकेकटी बसतात आणि आत मिट्ट काळोख असतो. उंची पुरते म्हणून मूल घाबरणार नाही असं नाही. इथे ‘रायडर स्विच’ कामाला येतो: प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगायचं, एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग थांबलेल्याला पुन्हा लांब रांगेत उभं राहावं लागत नाही. सांगायचं मात्र आत शिरण्यापूर्वी; राईड करून आल्यावर विचारलं तर उपयोग नाही.

आजी-आजोबांसाठी दुपारी पीपलमूव्हर. उंचावरून संथ फिरणारी, सावलीतली, दहा मिनिटांची गाडी, आणि रांग बहुधा नाहीच. चढताना पट्टा सरकत असतो, काठी असेल तर आधी सांगावं.

दुपारी तीन-चारच्या सुमारास वीज चमकली की उघड्यावरच्या राईड लगेच थांबतात. पाऊस पडत नसला तरी थांबतात, कारण धोका विजेचा असतो. मे महिन्यात हे अधूनमधून, जूनपासून जवळपास रोजचंच. तो तास छताखालच्या राईडसाठी ठेवावा.

आतषबाजीनंतर सगळं पार्क एकाच दाराकडे वळतं. दोनच मार्ग शहाणपणाचे: संपायच्या पाच मिनिटं आधी निघणं, किंवा तासभर आतच दुकानांत रेंगाळणं. मधला मार्ग म्हणजे दादर स्टेशनचा पूल.

दिवस दुसरा: एपकॉट

आर्ट ऑफ अॅनिमेशनमधून स्कायलायनर नावाचा रोपवे निघतो. मध्ये एका स्थानकावर बदलून तो एपकॉटच्या मागच्या दारात, फ्रान्सच्या दालनाशेजारी उतरवतो. या एका गोष्टीने दिवसाचा क्रम ठरतो. समोरच्या दाराने आलेली गर्दी ‘गार्डियन्स’ या कोस्टरकडे धावते. मागच्या दाराने आलेल्यांनी आधी शेजारची रॅटटूईची राईड उरकावी. तिला उंचीची अट नाही, आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच गाडीत बसतात. वादळात स्कायलायनर बंद होतो. तेव्हा हॉटेलच्या बसचा थांबा कुठे आहे ते सकाळीच पाहून ठेवावं.

गार्डियन्सची कोस्टर (107 सेंमी) सुरुवातीला उलट दिशेने सुटते आणि नंतर डबे गोल फिरत राहतात. घाटात गाडी लागणाऱ्याने भरल्या पोटी बसू नये.

एपकॉटचा मागचा भाग म्हणजे तळ्याभोवतीचे 11 देश, फेरी साधारण 2 किलोमीटरची. त्यात भारत नाही, हे आजोबांना आधीच सांगितलेलं बरं. हा भाग सहसा 11 वाजता उघडतो. चालणं खरं इथेच होतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअर दारातच भाड्याने घ्यावी, दुपारी थकल्यावर परत दारापर्यंत येऊन घेण्यात अर्थ नसतो. शेतीत रस असणाऱ्यासाठी ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही या पार्कातली सर्वांत कमी लेखलेली राईड: होडीतून खरोखरच्या हरितगृहांमधून फेरी, मातीविना वाढवलेल्या भाज्या दोन्ही बाजूंना.

दिवस तिसरा: अॅनिमल किंगडम

हे पार्क सगळ्यात आधी उघडतं आणि सगळ्यात आधी बंद होतं. इथे रोपवे नाही, मोनोरेल नाही, फक्त बस. सकाळी सातच्या आत थांब्यावर असावं.

पहिल्यांदा फ्लाइट ऑफ पॅसेज (112 सेंमी). मोटरसायकलसारखं बसायचं आणि पाठीवर, पोटऱ्यांवर पट्टा येऊन आवळतो. बंदिस्तपणा सहन न होणाऱ्यांना तो पट्टा जड जातो, उंचीपेक्षा जास्त. त्यानंतर लगेच किलिमांजारो सफारी, कारण ऊन चढलं की प्राणी सावलीला बसतात. ट्रक मुद्दाम केलेल्या खडबडीत रस्त्यावरून जातो. कंबर-पाठीचं दुखणं असेल तर मागची रांग टाळून पुढे बसवायला सांगावं.

आशिया विभागातलं ‘आनंदपूर’ हे काल्पनिक गाव भारतीय नजरेने बघण्यासारखं आहे. उडालेले रंगांचे पोपडे, लोंबकळणाऱ्या तारा, भिंतींवरच्या जाहिराती, सगळं नवं बांधून जुनं केलेलं. त्यातून वाट महाराजा जंगल ट्रेककडे जाते, तिथे वाघ आहेत. शेजारी एक्स्पिडिशन एव्हरेस्ट (112 सेंमी). डोंगर 200 फुटांना थोडा कमी ठेवला आहे, कारण त्याहून उंच बांधकामावर विमानांसाठी दिवा लावावा लागतो आणि हिमालयावर लाल दिवा शोभला नसता. 2006 मध्ये ही राईड उघडली तेव्हा आतला यती हलायचा. थोड्याच काळात तो थांबवावा लागला, आणि आता चमकत्या दिव्यांनी हलल्याचा भास केला जातो. काली रिव्हर रॅपिड्समध्ये अंग पूर्ण भिजतं, ‘थोडंसं उडतं’ वगैरे नाही. चपला, एक जादा टीशर्ट आणि फोनसाठी प्लास्टिकची पिशवी हवी.

शाकाहाराचा प्रश्न डिस्नेत सुटतो, आणि इथे सर्वांत चांगला. सातुली कँटीनमध्ये भात किंवा नूडल्सवर टोफू आणि हवी ती चटणी असा वाडगा बनवून मिळतो. रात्रीचं जेवण पार्कबाहेर, बसने अॅनिमल किंगडम लॉजला जाऊन ‘सना’ या हॉटेलात: नान, कुलचा, पनीर पराठा यांसारख्या पाच पोळ्या आणि सोबत नऊ प्रकारच्या चटण्या-तोंडीलावणी. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रा चरत असतात, पण उजेड असेपर्यंतच. म्हणून साडेपाच-सहाचं टेबल घ्यावं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. बिलावर 6.5 टक्के विक्रीकर आणि 18 ते 20 टक्के टिप धरून हिशेब करावा.

डिस्ने घरचा डबा आत नेऊ देतं, काच आणि दारू सोडून. दशम्या, भडंग, पराठे सगळं चालतं. कुठल्याही खाद्यगृहात मागितलं की बर्फाचं पाणी फुकट मिळतं, विकतच्या बाटल्यांवर खर्च करायची गरज नाही.

दिवस चौथा: हॉलिवूड स्टुडिओज

इथे रांगेच्या मानाने राईड कमी. सकाळी स्लिंकी डॉग (97 सेंमी), मग राइज ऑफ द रेझिस्टन्स (102). राइजमध्ये अनेक टप्पे एकापाठोपाठ चालतात. एक अडला की सगळं थांबतं, म्हणून ती दिवसात बंद पडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. सकाळी फलकावर ‘तात्पुरती बंद’ दिसली तर उभं न राहता दुसरीकडे जावं, उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत रांग छोटी असते. दुपारी तीनला परत, पोहायला. चौथ्या दिवशी हॉटेलचा तलाव हीच सर्वांत आवडलेली राईड ठरते.

दिवस पाचवा: युनिव्हर्सलला मुक्काम हलवताना

डिस्नेहून युनिव्हर्सल आंतरराज्य महामार्ग 4 वरून साधारण अर्ध्या तासावर. डिस्नेची कुठलीही बस तिकडे जात नाही, टॅक्सी करावी. पाच जण आणि सहा बॅगा म्हणजे मोठी गाडी सांगायची.

आता तो हिशेब. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्यांना ‘एक्स्प्रेस अनलिमिटेड’ मिळतो: युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर या दोन पार्कांत बहुतेक राईडची छोटी रांग, हवी तितक्या वेळा, वेळ न ठरवता. तो आल्या दिवशीही चालतो आणि निघायच्या दिवशीही. म्हणजे एक रात्र, दोन दिवस. एक्स्प्रेस वेगळा विकत घेतला, तर पाच माणसांच्या दोन दिवसांची रक्कम गर्दीच्या काळात खोलीच्या भाड्याच्या पुढे जाते. सकाळी आठला पोहोचायचं, खोली तयार नसली तरी नोंदणी करून पास घ्यायचे, बॅगा बेलडेस्कला टाकायच्या, पार्ककडे चालू लागायचं. एका खोलीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं दाखवता येत नाहीत. पाच जणांनी हे आरक्षण करतानाच विचारावं.

दोन्ही पार्क एकमेकांना लागून आहेत. हॉटेलातून पायी किंवा होडीने जाता येतं, खोलीवर येऊन आजोबांची झोप आणि औषध उरकून चारला परत जाता येतं. डिस्नेत हे बोलायला सोपं, करायला दीड तास. ज्येष्ठ सोबत असतील तर युनिव्हर्सलचा हा मोठा गुण.

दोष लगेच समोर येतो. आयलंड्समध्ये 118 सेंटिमीटरवर हॅग्रिडची मोटरबाइक (122), हॅरी पॉटर अँड द फॉरबिडन जर्नी (122), व्हेलॉसिकोस्टर (130) आणि हल्क (137), चारही बंद. ज्यासाठी लोक इथे येतात त्या नेमक्या याच. डिस्नेत उंचीची सर्वांत मोठी अट 122 असते, इथल्या मोठ्या राईडची तिथून सुरुवात होते. मुलासाठी उरतं ते हिपोग्रिफ (91), स्पायडरमॅन (102), ज्युरासिक पार्कची होडी (107) आणि स्यूसच्या गोष्टींचा परिसर. मुलाची उंची घरीच, बूट काढून मोजावी. बुटात टाचा भरून दारात नेलं की मापपट्टीपाशी रडारड ठरलेली.

मोठ्यांसाठी ‘चाइल्ड स्वॅप’ची सोय मात्र डिस्नेपेक्षा बरी: सगळं कुटुंब रांगेत एकत्र जातं, पुढे बसायला खोली असते, तिथे पालक आलटून पालटून बसतात. मूल रांगेतली सजावट तरी बघतं, आणि हॉग्वर्ट्स किल्ल्याच्या आतून जाणारी ती रांग राईडइतकीच बघण्यासारखी आहे.

हल्क आणि व्हेलॉसिकोस्टरला खिशात काहीही चालत नाही. दारात धातुशोधक यंत्र असतं. लहान लॉकर राईडपुरता फुकट, पण वेळ संपल्यावर पैसे लागू होतात. पट्ट्याचं बकल, किल्ल्या, नाणी खोलीवरच ठेवली तर दिवस सुरळीत जातो.

दिवस सहावा: युनिव्हर्सल स्टुडिओज

दोन पार्कांमध्ये हॅरी पॉटरची हॉग्वर्ट्स एक्स्प्रेस ही आगगाडी धावते आणि तिच्यात बसायला दोन्ही पार्कांचं एकत्र तिकीट लागतं. एका पार्काचं तिकीट घेऊन आलेले लोक स्थानकाच्या दारातच हे वाचतात. जाताना आणि येताना खिडकीतली दृश्यं वेगळी असतात, म्हणून दोन्ही बाजूंनी एकेकदा बसावं.

डायगन अॅली, म्हणजे हॅरी पॉटरच्या गोष्टीतली जादूगारांची बाजारगल्ली, 2014 मध्ये उघडली. बाहेरून फक्त लंडनची इमारतींची रांग दिसते, पाटी नाही. विटांच्या भिंतीतल्या फटीतून आत शिरायचं असतं. बँकेच्या छतावरचा ड्रॅगन थोड्या थोड्या वेळाने ज्वाळा सोडतो, आणि त्याआधी घुरघुरतो. फोटो हवा असेल तर तो आवाज हाच इशारा. आतली ग्रिंगॉट्स (107) आपल्या 118 ला चालते. बटरबिअरमध्ये दारू नाही, साखर मात्र पुष्कळ; पाच जणांत दोन पुरतात.

बाकी पार्कात पडद्यावरच्या राईड फार. ट्रान्सफॉर्मर्स, मिनियन्स: गाडी थोडीच हलते, डोळ्यांना मात्र वेग दिसतो. रक्तदाब, चक्कर किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी लागोपाठ दोन करू नयेत. डिस्नेत आजी सात-आठ राईडमध्ये बसू शकतात, इथे दोन-तीन.

जेवणात युनिव्हर्सल मागे आहे. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण शोधावे लागतात, आणि फ्राइज कोणत्या तेलात तळल्या हे विचारावं लागतं. बाहेरून फक्त पाणी आणि किरकोळ खाऊ नेता येतो, डबा नाही. दुपारी हॉटेलवर परतणं इथे सोपं आहे, तेवढाच इलाज. संध्याकाळी इंटरनॅशनल ड्राइव्हवर भारतीय जेवण मिळतं.

रात्री मुक्काम ‘टेरा लुना’ला. साधं हॉटेल, एक्स्प्रेस नाही, पण उद्याच्या एपिक युनिव्हर्स पार्कच्या जवळ.

दिवस सातवा: एपिक युनिव्हर्स

22 मे 2025 रोजी उघडलेलं हे पार्क जुन्या दोन पार्कांपासून काही किलोमीटर दक्षिणेला आहे. महागड्या हॉटेलांचा फुकट एक्स्प्रेस इथे चालत नाही, म्हणूनच ती रात्र आधी घेऊन संपवली. तिकीट तारखेचं, आधी काढलेलं.

मध्ये कारंजी आणि बागांचा सेलेस्टियल पार्क, त्याच्या कडेने चार कमानी, प्रत्येक कमानीमागे एक वेगळं जग. एका जगातून शेजारच्या जगात थेट रस्ता नाही. दर वेळी मध्ये यावं लागतं. झाडं अजून लहान, सावली तुटपुंजी. छत्री आणि टोपी दोन्ही हवं.

उंचीच्या बाबतीत मात्र एपिक डिस्नेच्या जवळ येतं. मारिओ कार्ट, माइन-कार्ट मॅडनेस, हिकप्स विंग ग्लायडर्स आणि बॅटल अॅट द मिनिस्ट्री या चौघींना 102 सेंमी पुरतात. स्टारडस्ट रेसर्स आणि मॉन्स्टर्स अनचेन्ड या दोनच 122 च्या. सात वर्षांच्या मुलाला युनिव्हर्सलमधला एकच दिवस द्यायचा असेल तर तो इथे द्यावा, आयलंड्समध्ये नाही. निंटेंडोच्या भागात मनगटावर बांधायचा पट्टा विकतात. तो नसला तरी राईड सगळ्या करता येतात, फक्त भिंतीवरचे खेळ होत नाहीत. एका मुलामागे एक पुरे, पाच नकोत.

परतीचं विमान रात्री नऊनंतरचं असेल तर संध्याकाळी पाचपर्यंत थांबता येतं. बॅगा हॉटेलच्या बेलडेस्कला, ओले बूट वेगळ्या पिशवीत, आणि ड्रॅगनच्या ‘बर्क’ या गावात घेतलेला तो तीन फुटी मऊ ड्रॅगन चेक-इनच्या बॅगेत बसतो का, हे विकत घेण्याआधी बघावं.